भुईत लावलेला मोगरा

१

सकाळी सहाला मी चार वर्तमानपत्रं घेऊन व्हरांड्यात बसतो. हातात लाल पेन असतं. चुकीच्या बातमीवर गोल, खोट्या बातमीवर फुली. नऊ वाजता ज्या संपादकाचं पान सर्वांत लाल झालं असेल, त्याला फोन लावतो. निवृत्त झालो तेव्हा चौघेही फोन उचलत. आता एकच उचलतो, तोही मीटिंगमध्ये आहे एवढं सांगायला. माझी हरकत नाही. एकोणचाळीस वर्षं मी लोकांना आवडावं म्हणून बातमीदारी केलेली नाही.

पेपर संपले की बादली. अंगणातल्या हजारी मोगऱ्याला दोन बादल्या पाणी, पंधरा दिवसांनी शेंड्यांची खुडणी, महिन्याला घमेलंभर साखर कारखान्याची मळी. पानं तळहाताहून मोठी आणि खरखरीत. चुरगाळली तर हाताला घाण वास येतो. फुलांचे गुच्छ मात्र पांढरे, कडेला गुलाबी, इतक्या गच्च पाकळ्यांचे की पावसात ओले झाले की फांदी वाकते. एका पावसाळ्यात ते माझ्या छातीला लागलं. महिन्यातून एकदा अंगण झाडायला येणारा गुंडा म्हणाला होता, "सायेब, ह्याला मळी कशाला घालताय? ह्याला शिव्या घातल्या तरी वाढंल."

त्या झाडाखाली माझ्या बायकोची रक्षा आहे.

आमच्या सांगली-साताऱ्याकडे हे आता नवीन राहिलेलं नाही. तिसऱ्या दिवशी रक्षा नदीत सोडण्याऐवजी शेतात किंवा अंगणात खड्डा घेऊन त्यात घालायची आणि वर झाड लावायचं. गावोगावच्या लोकांनी हे सुरू केलं. मी अकरा वर्षं माझ्या सदरातून त्याचा पाठपुरावा केला. नदीत रक्षा सोडणाऱ्या पुढाऱ्यांची नावं छापली, त्यांच्याशी फोनवर भांडलो. लोक तिसऱ्या दिवशी खड्ड्याचे फोटो पाठवायचे आणि मी ते अभिमानानं लावायचो.

शालनला मात्र माहुलीला जायचं होतं. तिचं माहेर साताऱ्याजवळ, माहुलीच्या घाटापासून चालत दहा मिनिटांवर. शेवटचे आठ महिने ती या घरातल्या मधल्या खोलीत झोपून होती. तिथून तिनं मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा आमची मुलगी प्रियदर्शनी समोर होती. "मला कृष्णेत सोडा. माहुलीला. मी तिथं पवायला शिकले."

मी म्हणालो, आणि मग मी लोकांना काय तोंड दाखवू?

हे मी आजारी बाईला म्हणालो. लिहून ठेवतो, कारण दुसऱ्यांची अशी वाक्यं मी आयुष्यभर चौकटीत छापली आहेत.

तिसऱ्या दिवशी आंब्याचं रोप मागवलं होतं. ते टेम्पोतून मोडून आलं. फोटोग्राफर उभा होता, चारला पान छपाईला सुटायचं होतं. शेजारच्या जिनपाल यांच्या पत्नी राजमतीवहिनी भिंतीपलीकडून सगळं बघत होत्या. त्यांनी आपल्या कुंडीतल्या हजारी मोगऱ्याचा एक कोंब मुळासकट उपटून माझ्या हातात दिला. देताना म्हणाल्या, "भाऊ, भुईत लावू नका हं. कुंडीतच बरं असतंय ते." मी ऐकलं आणि भुईत लावलं. फोटो तीन कॉलमी आला.

प्रियदर्शनी त्याच दुपारी पुण्याला निघून गेली. जाताना म्हणाली, "तुम्ही आईला जाऊ दिलं नाहीत." त्यानंतर दोन वर्षं ती दर एक तारखेला फोन करते. औषधं घेता का, वीजबिल भरलं का. दोन मिनिटांत संपतं. तिनं माझ्याशी तिसरं काहीतरी बोलावं, एवढीच मला या जगाकडून अपेक्षा उरली आहे. एक माफी पुरली असती. पण एकोणचाळीस वर्षांत मी चुकीची दुरुस्ती दोनदाच छापली, आणि दोन्ही वेळा आतल्या पानावर.

२

पहिला कोंब झाडापासून थोड्या अंतरावर, तुळशीकडे जाणाऱ्या वाटेत आला. दुसरा त्याच्यापुढे. मग तिसरा, धुणं धुण्याच्या दगडाशी. मी राजमतीवहिनींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, याला बी धरत नाही, हे मुळानंच पळतं, म्हणून तर सांगितलं होतं. माझ्या ओळखीच्या एका कृषी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना फोन केला. त्यांनीही तेच सांगितलं, मूळ लांबवर जातं, काँक्रीटला दाद देत नाही, वेळीच खणून काढा. दोन स्वतंत्र सूत्रांकडून दुजोरा मिळाला. माझ्यापुरती बातमी संपली.

फक्त एक गोष्ट मी त्यांना विचारली नाही. मूळ चारी दिशांना पळतं, तर कोंब एकाच रांगेत का येतात? झाडापासून तुळस, तुळशीपासून धुण्याचा दगड, दगडापासून स्वयंपाकघराचं मागचं दार. शालन रोज सकाळी याच वाटेनं फिरायची.

दाराच्या उंबऱ्याशी कोंब थांबले. आठवडाभर काही आलं नाही. मग एका सकाळी चहा ठेवायला गेलो तर ओट्यासमोर, शहाबादी फरशीच्या सांध्यातून, बोटभर हिरवा कोंब वर आला होता. अगदी जिथे उभी राहून ती भाकरी थापायची तिथे.

मी गुंडाला बोलावलं. तो कोयता घेऊन आला, खाली बसला, कोंबाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, राहू दे. मीच त्याला उगाच सांगत बसलो की फरशी फुटेल, नंतर एकदम सगळंच काढू.

त्या दिवसापासून मी चहा दोन कप करायला लागलो. दुसरा मीच पितो, थंड झाल्यावर. यात गूढ काही नाही. एकटा राहणारा माणूस काहीतरी निमित्त शोधत असतो.

३

स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत यायला लहान बोळ आहे. त्याच्या एका बाजूला मधली खोली, शालनची. ती गेल्यापासून तिला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या जानव्यासारखी कायम माझ्याजवळ, शर्टाच्या आतल्या खिशात. भीतीनं नाही. त्या खोलीत मी बोललेलं ते वाक्य अजून असेल असं वाटतं, एवढंच.

बोळातली एक फरशी सैल आहे. पाय पडला की डुगडुगते आणि खालची पोकळी वाजते. या घरात बावीस वर्षं राहतोय, तो आवाज मला अंगाच्या खुणेसारखा ओळखीचा आहे.

एका दुपारी मी पुढच्या खोलीत जेवणानंतर पडलो होतो. बाहेर ऊन रणरणत होतं, पंखा फिरत होता, आणि फरशी वाजली.

उठून बघितलं. बोळ रिकामा. फरशीच्या कडेला नवा कोंब होता. मी समाधानानं परत येऊन पडलो. मुळानं खालून रेटलं, फरशी उचलली गेली, वाजली. कार्य आणि कारण समोरासमोर होतं.

पण मूळ फरशी एकदाच उचलेल. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोनदा वाजली. त्यानंतर रोज. मी वेळ लिहून ठेवू लागलो, सवयीनं. दोन वाजून दहा. सव्वातीन. एकदा सकाळी सातला, मी व्हरांड्यात पेपर वाचत असताना.

आता जे लिहितो त्याची मला लाज वाटते. मला बरं वाटू लागलं. दोन वर्षं या घरात माझ्या खोकल्याशिवाय आवाज नव्हता. आता फरशी वाजली की मी पेपरवरून मान न उचलता म्हणायचो, बघ, हा गाढव लिहितो की पाणीटंचाई नाही. उत्तर यायचं नाही, पण शालन असतानाही यायचं नाही. फरशी मात्र एकदा वाजायची.

स्पष्ट सांगतो, मी सुखी होतो.

४

दुसऱ्या वर्षश्राद्धाला प्रियदर्शनी आली. पहिल्या वर्षी आली नव्हती. गाडी स्वतः चालवत आली, नैवेद्याचं साहित्य सोबत घेऊन, आणि थेट स्वयंपाकघरात गेली.

मी गेलो तर ती ओट्याला पाठ लावून उभी होती. ओट्यासमोरचा कोंब आता गुडघ्याएवढा झाला होता. त्याच्यापुढे दुसरा, मग तिसरा, बोळाकडे. तिच्या पायात चपला होत्या. घरात ती कधीच चपला घालत नाही.

"हे काय आहे, पप्पा?"

मी मुळाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. प्राध्यापकांचं नाव सांगितलं. तिनं मला मधेच थांबवलं. ती म्हणाली, हे तुम्ही पाणी घालून वाढवलंय. मी म्हणालो, हो. का? तिनं विचारलं. शेवटी सांगितलं. तुळस, दगड, ओटा. फरशी वाजते तेही सांगितलं.

मला वाटलं ती मला डॉक्टरकडे नेईल. ती खाली बसली आणि रडायला लागली. तिसऱ्या दिवशीही ती माझ्यासमोर रडली नव्हती.

"तिला घरात फिरायचं नाहीये हो. तिला जायचंय. तुम्ही दार लावून घेतलंय आणि ती वाट शोधतेय."

बाहेर जिनपाल कुणावर तरी ओरडत होते, भिंतीला तडा गेल्याबद्दल, म्हणजे माझ्यावरच. मी फरशीवर तिच्या शेजारी बसलो. माझ्या वयाला ते सोपं नाही. मग म्हणालो, माझं चुकलं. तेव्हाच न्यायला हवं होतं. उद्या माती काढू आणि माहुलीला जाऊ.

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं माझ्या बातम्यांकडे लोक बघायचे, खरं आहे का म्हणून. मग नाक पुसलं आणि म्हणाली, "हे छापणार का? पहिल्या पानावर?"

दोन वर्षांतली तिची पहिली थट्टा होती.

५

गुंडा सकाळी टिकाव घेऊन आला. झाड तोडलं. हिरवा उग्र वास अंगणभर पसरला. मग तो खणायला लागला. प्रियदर्शनी तिच्या आईची तांब्याची कळशी घेऊन उभी होती.

दीड हात खाली गेल्यावर गुंडा थांबला.

"मुळी खाली न्हाईत, सायेब. समदी घराकडं गेल्यात."

मी वाकून बघितलं. खरंच होतं. मनगटाएवढी मुळं, सगळीच्या सगळी घराच्या भिंतीकडे वळलेली, एकावर एक. खाली, जिथे रक्षा घातली होती, तिथे एकही मूळ नव्हतं. तिथे एक पोकळी होती. आत कोरडी आणि स्वच्छ, जणू कुणी हातानं पुसली असावी. राखेचा कण नाही. गुंडा म्हणाला घूस असेल. मी म्हणालो, दोन वर्षांत रक्षा मातीत मिसळते. आम्ही दोघांनी एकमेकांचं म्हणणं मान्य केलं.

पोकळीच्या भोवतालची माती कळशीत भरली. मातीबरोबर एक छोटा कोंबही आला. प्रियदर्शनी म्हणाली, असू दे.

६

माहुलीला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. घाटावर गर्दी नव्हती. एक म्हातारी फुलांचे द्रोण घेऊन पिंपळाच्या पाराशी बसली होती. हरणाबाई, तिनं नंतर नाव सांगितलं. प्रियदर्शनीनं तिच्याकडून द्रोण घेतला आणि आम्ही पायऱ्यांकडे वळलो.

आणि दोघेही थांबलो.

पहिल्या पायरीच्या सांध्यात दोन कोंब होते. खरखरीत, रुंद पानं. दुसऱ्या पायरीवर दोन. तिसऱ्या पायरीवर दोन. प्रत्येक पायरीवर शेजारी शेजारी दोन, जोडीनं, खाली पाण्यापर्यंत. वरचे जुने, बुंधा लाकडासारखा झालेला. फुलं पांढरी, कडेला गुलाबी.

मी परत म्हातारीकडे गेलो. हे झाड इथे कुणी लावलं, विचारलं.

"लावतंय कोन? दगडात कोन झाड लावतंय व्हय, दादा?"

कधीपासून आहे?

"दोन वरसं झाली की. आषाढात आलं. ह्या पारापासनं सुरू झालं, मग रोज एक पायरी. म्या हितंच बसती, रोज बगत हुते. लय सावकाश, म्हाताऱ्या मानसावानी. पान्याला लागलं आन थांबलं. फुडं काय न्हाई."

शालन आषाढात गेली. मिरजेला तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हापासून ती जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायची. आधी डावा, मग उजवा शेजारी, मग पुढची पायरी. मी खाली उभा राहून घड्याळ बघायचो.

हे प्रियदर्शनीला सांगावं लागलं नाही. ती पहिल्या पायरीवर बसली आणि तिनं त्या दोन कोंबांवर हात ठेवला. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. म्हणाली, "पोचली ती. तुमच्या परवानगीची वाट नाही बघितली तिनं."

मी रागावलो नाही. मला हसू आलं, आणि मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. तिनं माझा दंड धरला. आम्ही दोघं पायऱ्या उतरलो, कोंबांना पाय लागू न देता, आणि कळशीतली माती कृष्णेत सोडली. अकरा वर्षांच्या माझ्या सदराला मी स्वतःच्या हातानं बुडवलं. पाणी थोडं गढूळ झालं आणि निवळलं.

कोंब तिनं सोडला नाही. कळशीच्या तळाशी थोड्या मातीत तो तसाच ठेवला. म्हणाली, हा मी नेते. आईनं तुमच्याकडे दोन वर्षं काढली, आता थोडी माझ्याकडे.

साताऱ्याच्या स्टँडवर तिनं मला सोडलं. ती पुण्याकडे निघाली, मी सांगलीच्या गाडीत बसलो. खिडकीशी येऊन म्हणाली, "पुण्यालाच या राहायला, पप्पा. मला भांडायला तरी कुणीतरी हवंय."

७

कराड गेलं. गाडीत गर्दी होती, पण माझ्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. मी खिडकीतून उसाचे फड बघत होतो. मन हलकं होतं. आणि त्या हलक्या मनात, एखादी मजकुरातली चूक पान छापून गेल्यावर दिसते तसा, एक प्रश्न दिसला.

शालन दोन वर्षांपूर्वी आषाढातच गेली. रोज एक पायरी, पाण्यापर्यंत. पुढे काही नाही. परत आल्याची खूण नाही.

मग माझ्या घरात कोण चालत होतं?

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. ऊन चांगलं होतं. मी चपला काढल्या नाहीत. कपाटातून मोजपट्टी काढली आणि अंगणापासून सुरुवात केली. हे मी आधीच करायला हवं होतं. कुठल्याही नव्या पोराला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, आधी मोज, मग लिही. दोन वर्षं मी मोजलं नाही, कारण मला बातमी हवी तशी मिळाली होती.

तुळशीकडच्या दोन कोंबांतलं अंतर एकतीस इंच. पुढचं एकतीस. दगडाशी एकतीस. ओट्यासमोर, बोळात, सगळीकडे एकतीस. अर्ध्या इंचाचाही फरक नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईचं पाऊल सोळा इंचांच्या वर पडत नाही. माझं मोजलं, सव्वीस भरलं. एवढं लांब, एवढं सारखं पाऊल टाकणारं माणूस या घरात कधी राहिलेलं नाही.

बोळातली रांग सैल फरशीवरून मधल्या खोलीच्या दाराशी जात होती. शेवटचा कोंब दाराला चिकटून होता. पुढे कुलूप.

किल्ली आतल्या खिशातून काढली. कुलूप कडक झालं होतं.

धुळीनं भरलेल्या काचेमुळे आत अंधुक होतं. दिवा लावला. कोंब आतही होते, पुरेसा उजेड न मिळाल्यानं पांढरे, पानं नसलेले, माझ्या गुडघ्याएवढे. ते तिच्या पलंगाभोवती फिरले होते. एकदा नाही, अनेकदा. फरशीचा सांधा शिल्लक नव्हता. पण त्या सगळ्यांत एक जोडी वेगळी होती. खिडकीसमोर दोन कोंब, शेजारी शेजारी. चालणारा थांबला की पाय जुळतात तसे. बाकीच्यांपेक्षा ते जाड होते. तिथे जास्त वेळ थांबणं झालं होतं.

मी त्यांच्या जवळ गेलो नाही. दारातूनच खिडकी दिसत होती. तिची काच व्हरांड्यात उघडते. काचेपलीकडे, हातभर अंतरावर, माझ्या खुर्चीची पाठ होती. खुर्चीवर सकाळचे पेपर, लाल पेन.

काचेवर आतल्या बाजूनं, खुर्चीत बसलेल्या माझ्या डोक्याच्या जरा वरच्या धुळीत, एक पुसलेली जागा होती. श्वास लागून जशी पुसली जाते तशी. ती माझ्या बसण्याच्या उंचीची नव्हती. वाकून बघणाऱ्याच्या उंचीची होती.

मी दिवा बंद केला, कुलूप लावलं, आणि लावताना कळलं की ते कुलूप दोन वर्षं कशालाच अडवत नव्हतं.

८

चार दिवस मी पुढच्या खोलीत बसून काढले. व्हरांड्यात गेलो नाही. पेपर दारात साचले. गुंडाला निरोप पाठवला, तो आला नाही. राजमतीवहिनींनी भिंतीवरून विचारलं, भाऊ, आजारी हाय का? मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, पेपर तसंच पडलेत म्हनून विचारलं. मग थांबून म्हणाल्या, त्यांच्या कुंडीतलं झाड, ज्याचा कोंब मला दिला होता, ते त्याच आठवड्यात वाळलं होतं. सांगायचं राहून गेलं.

आज एक तारीख नव्हती. तरी प्रियदर्शनीचा फोन आला.

तिचा आवाज ओळखू येईना, इतका मोकळा होता. तिनं कळशीतला कोंब कुंडीत लावला होता, हॉलमध्ये, सोफ्याशेजारी. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला झोप लागली होती. घरात कुणीतरी आहे असं वाटतं, म्हणाली, दुपारी एकटी असले तरी. आणि आज सकाळी गंमत झाली.

"कुंडीच्या बाहेर एक कोंब आलाय, पप्पा. टाइल्सच्या फटीतून. चौथ्या मजल्यावर, खाली माती नाही काही नाही. आई फिरायला लागली घरात."

मी विचारलं, कुंडीपासून किती लांब?

"तुमचे प्रश्न बघा." तरी ती उठली. तिच्या बांगड्या वाजल्या. वीत टाकून मोजत होती. "चार वीत. थोडं कमी."

शालन मुलीच्या हाताची वीत आठ इंचांची म्हणायची, ब्लाउज शिवताना.

माझ्यासमोर दोन वाक्यं होती. पहिलं खरं होतं: ती तुझी आई नाही. ते बोललो असतो तर तिनं काय ऐकलं असतं ते मला माहीत आहे. तिनं ऐकलं असतं की बाप पुन्हा सांगतोय, आई कुठे असावी आणि कुठे नसावी. चार दिवसांपूर्वी मिळालेली मुलगी मी फोन ठेवण्याच्या आत गमावली असती, आणि ती कुंडी तिनं रागानं आणखी जवळ घेतली असती, पलंगापाशी. एकोणचाळीस वर्षं मी खरं बोलून माणसं दुखावली आणि त्याला धैर्य म्हटलं.

मी म्हणालो, मी येतो.

"कधी?"

आजच. बाराच्या गाडीनं.

"राहायला?"

हो, म्हणालो. मी माझ्या मुलीशी पहिल्यांदा खोटं बोललो. राहायला नाही. ती कुंडी बगलेत मारून तिच्या घराबाहेर, जमेल तितकं लांब न्यायला. मला दोन वर्षं सवय आहे त्याच्याबरोबर राहायची. तिला नको व्हायला.

ती रडत होती, आनंदानं. मी ऐकत खाली बघत होतो. फोन आला तेव्हा माझ्या खुर्चीजवळची फरशी स्वच्छ होती, हे मी शपथेवर सांगू शकतो. आता खुर्चीच्या मागे, उजव्या हाताला, सांध्यातून एक पांढरं टोक वर आलं होतं. त्याच्या शेजारी दुसरं, जुळलेलं. मी मान वळवली नाही. मानेवर काहीतरी गार होतं, पंखाही असेल. बातमीदार मागे न बघता बसून राहतो, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

पलीकडून प्रियदर्शनी विचारत होती, "पप्पा, जेवायला काय करू?" दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

मी म्हणालो, काहीही कर. नाहीतर नकोच करू. तू आत्ता घराबाहेर पड, खाली बागेत जाऊन बस, आणि मी येईपर्यंत वर जाऊ नकोस.

ती हसली. "झालं सुरू," ती म्हणाली, आणि फोन ठेवताना तिच्या घरात कुठेतरी एक टाइल वाजली.